अर्धी बाटली ताईची

माझ्या आतड्याला गेली कित्येक वर्षं सूज आहे. क्रोन्सचा आजार म्हणतात त्याला. येतो, जातो, पुन्हा येतो. पाहुणेसुद्धा निदान फोन करून येतात. या आजारानं मला एकच विद्या शिकवली, ती म्हणजे कुठल्याही इमारतीत शिरलं की आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवायचं. मी कपडे शिवते. गिऱ्हाइकाच्या घरी गेले तरी मापाची टेप नंतर निघते.

या खेपेला मात्र मामला गंभीर होता. लहान आतड्याचा शेवटचा भाग आक्रसला असेल तर तेवढा तुकडा कापून काढावा लागेल, आणि इंजेक्शनांनी सूज उतरली असेल तर इंजेक्शनंच चालू ठेवू, असं माझ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ते ठरणार होतं एमआरआयवर. दिवसभर कात्री चालवणारी मी, पण स्वतःच्या पोटाला कात्री लागणार म्हटल्यावर मी कात्रीला हात लावणंच सोडलं होतं.

सोबतीला ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, मुख्याध्यापिका. निवृत्त झाली, पण ते तिला अजून पटलेलं नाही. आल्या आल्या तिनं वेटिंग रूममधल्या दोघांना नीट बसायला सांगितलं आणि ते बसलेसुद्धा. माझ्या आजाराबद्दल तिचं मत ठाम आहे. मी घास चावत नाही आणि नको तितका विचार करते, बाकी मला काही झालेलं नाही.

नर्सनं माझ्यापुढे एक भलीमोठी बाटली ठेवली. यातलं पाणी थोडं थोडं करून सगळं संपवायचं, म्हणजे आतडी भरून फुगतात आणि फोटोत त्यांची भिंत नीट दिसते, एवढं समजावून ती निघून गेली. पाणी गोडमिट्ट होतं आणि वर बुळबुळीत. दुसऱ्याच पेल्याला मला उमासे यायला लागले. ताईनं इकडेतिकडे पाहिलं.

इथे आमच्या घरची एक जुनी रीत सांगायला हवी. लहानपणी आई मला कडू औषध देऊन पाठ फिरवायची, तेवढ्यात माझा अर्धा पेला ताई गटकन पिऊन टाकायची. आईला कधी पत्ता लागला नाही. त्या बदल्यात ताई दिवसभर माझ्यावर हुकूम सोडायची.

"आण इकडे," ताई म्हणाली.

मी निमूट बाटली पुढे केली. तिनं उरलेली अर्धी बाटली एका दमात संपवली, रुमालानं ओठ टिपले आणि असल्या पाण्याचा काय तो बाऊ, असा चेहरा केला. रिकामी बाटली बघून नर्सनं माझं कौतुक केलं. मी तेही निमूट घेतलं.

मग मशीन. आतडी हलू नयेत म्हणून एक इंजेक्शन दिलं. श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा. कानाशी कोणीतरी पत्रे ठोकत होतं. मध्येच सगळं थांबलं आणि फोटो बघणारे डॉक्टर आत आले. शेवटचा भाग मिटलेला दिसतोय, म्हणाले. एकतर तो आक्रसलाय, नाहीतर पुरेसा भरलेला नाही.

"पाणी सगळं प्यायलात ना?"

मी ताईची चुगली आजवर केली नव्हती. बाटली रिकामी झाली होती, असं मी सांगितलं. ते खोटंही नव्हतं. मग आक्रसलाय असंच धरावं लागेल, असं म्हणून ते वळले. ताईला बोलवा, एवढंच मी नर्सला कसंबसं म्हणाले.

नर्स एकटीच परत आली. ताई मघापासून संडासात आहेत, बाहेर यायला तयार नाहीत, आणि त्या पाण्यात नेमकं काय होतं ते दाराआडून विचारताहेत, असं तिनं सांगितलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "पोट तुमचं आणि पाणी त्या प्यायल्या?"

दुसरी बाटली आली. या वेळी नर्स समोर खुर्ची टाकून बसली आणि शेवटच्या घोटापर्यंत तिनं मान वळवली नाही. पुन्हा मशीन, पुन्हा पत्रे. मग डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. मघाचा मिटलेला भाग सरळ उघडला होता. गेल्या खेपेच्या फोटोत कॉलरसारखी जाड दिसलेली भिंत आता अस्तराइतकी पातळ झाली होती. थोडी सूज होती, पण वाट मोकळी होती. कापायचं काही कारण नाही, ते म्हणाले. मला रडू आलं. पण रडायला सवड नव्हती, कारण दीड बाटली माझ्याही पोटात होती.

मी धावत संडासात शिरले, तर शेजारच्या संडासाचं दार अजून बंद होतं. खालच्या फटीतून ताईच्या चपला दिसत होत्या.

"ताई, कापायचं नाही म्हणाले."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग ताईचा, मी कधी न ऐकलेला, बारीक आवाज.

"तुला रोज असं होतं?"

"रोज नाही. बरे दिवस पण असतात."

घास चावण्याबद्दल ती काही बोलली नाही. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आम्ही पायऱ्या उतरलो, आणि फाटकाशी तिनं माझा दंड धरला.

"घरापर्यंत वाटेत कुठेकुठे आहेत?" तिनं विचारलं.

मला सगळे तोंडपाठ होते. मी पुढे झाले, आणि ताई जन्मात पहिल्यांदा माझ्या मागून चालायला लागली.