डोंगरभागाचा चढता बाण

एकोणीस वर्षं मी पोटॅशचे भाव गोळा करते आहे आणि माझ्यामुळे एकदाही दुरुस्ती छापावी लागली नव्हती, हे मी कुणी न विचारताही सांगायचे. आमच्या साप्ताहिक बाजारपत्रकात चूक निघाली की संपादक दुरुस्तीचं कात्रण चहाच्या किटलीवरच्या दोरीला चिमट्याने अडकवतात, खाली नाव लिहून. युरियाचे भाव बघणाऱ्याची तर पाच कात्रणं लटकताहेत. माझं तेव्हा एकही नव्हतं, त्यामुळे तिथे चहा ओतताना माझी मान जरा ताठच असायची.

बंदर, नदीकाठ, सपाटी आणि डोंगर असे आमचे चार विभाग. दर गुरुवारी तिथल्या दुकानदारांना फोन करायचा, गोणीचा भाव विचारायचा आणि पुढचा कल बाणाने दाखवायचा, वर, खाली किंवा आडवा. भाव ते सांगतात, बाण मी त्यांच्या आवाजावरून काढते. दुकानदार मोठमोठ्याने बोलला की गोदाम भरलेलं असतं. आवाज खाली आला की समजावं, माल संपत आलाय आणि समोरच्या गिऱ्हाइकाला ते कळू द्यायचं नाहीये.

डोंगरावरच्या दुकानदाराला आम्ही तोफखाना म्हणतो. नऊ वर्षं मी त्याचा फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकत आले होते. त्या गुरुवारी मात्र तो अगदी हळू बोलला.

"भाव तोच, बाई. गेल्या आठवड्याचाच."

"माल आहे ना?"

"आहे की, भरपूर."

"दुकानात कोणी उभं आहे का?"

"आहे ना," असं म्हणून तो चक्क हसला.

मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. डोंगरभागापुढे ठसठशीत चढता बाण काढला आणि खुशीत घरी गेले.

शुक्रवारी सकाळी पत्रक निघालं आणि तासाभरात बंदरावरच्या व्यापाऱ्याचा फोन आला. "बाई, तुमच्या बाणाच्या भरवशावर चार ट्रक पोटॅश डोंगरावर पाठवतोय. दुपारी निघतील."

कागदावर बाण काढणं वेगळं आणि त्यामागे चार ट्रक घाट चढणं वेगळं. मी लगेच तोफखान्याला फोन लावला. पुन्हा तोच मऊ आवाज.

"खरं सांगा," मी म्हटलं, "माल संपलाय म्हणून हळू बोलताय ना?"

"छे हो. गोदामात पाय ठेवायला जागा नाही. हळू बोलतोय, कारण हिने दटावलंय. थांबा, तिलाच देतो."

फोनवर एका बाईचा आवाज आला. "मी यांची बायको. दहा वर्षं मला काही ऐकू येत नव्हतं. आता कानाचं ऑपरेशन झालं, मंगळवारी पट्टी सोडली. हे एवढे ओरडतात हे मला माहीतच नव्हतं हो. म्हटलं, हळू बोला, ऐकू येतंय मला." मग म्हणाल्या, "तुम्हीच ना गुरुवारच्या बाई? इतकी वर्षं फोनवर यांचे नुसते ओठ हलताना बघायचे. बोला ना काहीतरी."

मी चारही विभागांचे भाव वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "किती छान." पोटॅशच्या भावाला कुणी छान म्हटल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि मला रडू आलं.

म्हणजे नऊ वर्षं तो बायकोसाठी ओरडत होता आणि मी त्यावरून गोदाम मोजत होते. डोंगरभागाचे माझे बाण बरोबर आले ते निव्वळ नशिबाने.

पुढच्या गुरुवारी बाण गुपचूप आडवा करता आला असता, कुणाला पत्ता लागला नसता. पण ट्रक दुपारीच निघणार होते. मी व्यापाऱ्याला फोन करून ते थांबवले आणि संपादकांपुढे जाऊन उभी राहिले.

"दुरुस्ती छापायची आहे," मी म्हटलं. "माझी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कारण काय लिहू?"

"लिहा, डोंगरभागात भाव स्थिर आहेत. दुकानदाराच्या पत्नीला ऐकू येऊ लागलं आहे."

त्यांनी एक शब्दही न बदलता ते छापलं. कात्रण दोरीला मी स्वतःच्या हाताने लावलं, आणि आता चहा ओतताना रोज वाचते.