सिंधूआक्काचे पाय

झेंडू तोडता तोडता रूपालीच्या कपाळावरची टिकली घामानं सुटली आणि सरीत पडली, तिथून ह्या सगळ्याला तोंड फुटलं. दसरा अगदी तोंडावर आलेला. दरी-मातोरीच्या अंगाला सगळ्या मळ्यांत एकच धांदल, आणि ऊन असं की काळी माती वरून तडकलेली अन् खालून वाफ सोडणारी. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत टेम्पो नाशिकच्या फुलबाजारात उभा करायचा, म्हणून ठमाबाईच्या मळ्यात बाया सकाळपासून वाकलेल्या. शेजारची भागीबाई सावडीनं आली होती. आज तुझ्याकडं मी, उद्या माझ्याकडं तू. तिनं घाम पुसायला मान वर केली आणि तिची नजर ठमाबाईच्या सुनेच्या, रूपालीच्या, उघड्या कपाळावर गेली. बरोबर टिकलीच्या जागी पांढराफटक डाग, चांगला रुपयाएवढा.

भागीबाईच्या तोंडाला एरवी झाकण नाही. पण तेव्हा तिनं तोंड फिरवलं. आपली पाटी उचलून दोन सऱ्या पलीकडं गेली आणि तिकडून तोडायला लागली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवेलागणीपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं, की ठमाबाईच्या सुनेला कोड फुटलं.

ठमाबाई हादरली, पण ती लोकांच्या बोलण्यानं नाही. लोक काय, बोलतात आणि जेवून झोपतात. तिला भ्या वाटलं ते सिंधूआक्काचं.

सिंधूआक्का म्हणजे ठमाबाईच्या नवऱ्याची, गोटीरामची, थोरली बहीण. आई मळ्यात राबायची तेव्हा आक्कानंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. लग्न होऊन ती सासरी गेली, तिथं दोन्ही पायांवर पांढरे पट्टे उठले, आणि नवऱ्यानं एके दिवशी आणून दारात सोडली. आत ये असं कुणी म्हटलं नाही. बापानं मळ्याच्या टोकाला, ओहोळाच्या काठी, छप्पर घालून दिलं. तिची वळकटी तिथं नेऊन टाकली ती गोटीरामनंच. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. वेगळं ताट, वेगळा तांब्या, भाकरी द्यायची ती लांबून. पुढं ठमाबाई लग्न होऊन आली त्या साली पेठकडच्या एका जाणत्यानं बिब्बा घालायला सांगितला. तापवलेल्या बिब्ब्याचं तेल आक्काच्या पायांवर सोडलं. कातडी जळाली, पाय चिघळले, तिचं ओरडणं घरापर्यंत यायचं. पांढरं काही गेलं नाही, वर काळे वळ तेवढे राहिले. त्याच छपरात ती मेली. मेल्यावरसुद्धा तिला खांदा द्यायला माणसं कुरकुरली.

पण मेली म्हणून गेली, असं नाही. भर दुपारी मळ्यात चिटपाखरू नसताना ठमाबाई वाकून फुलं तोडत असली, की झाडांच्या बुंध्यांमधून तिला पलीकडच्या सरीत दोन पाय दिसायचे. पांढऱ्या पट्ट्यांचे. कंबर सरळ करून बघावं तर कुणी नाही, नुसता वारा. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नाही. पण दुपारच्याला ओहोळाकडच्या त्या टोकाला घरातलं कुणीच फिरकत नव्हतं, गोटीरामसुद्धा. ज्याचं त्याला ठाऊक.

आणि आता सुनेच्या कपाळावर तेच पांढरं. आक्कानं हात ठेवला, दुसरं काय असणार?

गोटीरामनं घरात फर्मान काढलं. नात सृष्टी, अजून धड बोलतही नाही ती, तिनं आईजवळ झोपायचं नाही. रूपालीनं स्वयंपाकाला शिवायचं नाही. पोरगा रवी, रूपालीचा नवरा, तणतणला, दवाखान्यात नेतो म्हणाला, तर बापानं त्याला असा काही झापला की तो टेम्पो घेऊन निघून गेला. मग गोटीराम स्वतः पेठला जाऊन बिब्बे घेऊन आला. बिब्ब्यानं उतरलं तर उतरलं, नाहीतर सून माहेरी पिंपळगावला आणि पोर इथं, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. रूपाली पडवीत बसून सगळं ऐकत होती. पोर दाराआडून आई आई करायची आणि ही तोंडात पदर कोंबायची. ठमाबाईला ते बघवत नव्हतं, आणि पोरीला आईकडं सोडायची हिंमतही होत नव्हती.

बिब्बा घालायचं काम तिच्यावरच आलं. मागच्या वेळी सासूच्या हाताखाली दिवा धरून ती उभी होती, त्यामुळं घरात ते जाणणारी तीच एक. दुपारचं ऊन अंगणात कोसळत होतं. गोटीराम मळ्यात होता. ठमाबाईनं सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरला, तसं तेल फसफसून वर आलं आणि तो उग्र वास घरभर झाला. रूपालीनं आपल्या हातानं टिकली काढली, कपाळ पुढं केलं आणि डोळे मिटले.

"आत्याबाई, लय दुखंल का?"

तेवढ्यात ठमाबाईला उंबऱ्याच्या बाहेर पाय दिसले. उन्हात उभे, पांढऱ्या पट्ट्यांचे, वरून जळालेले. ह्या वेळी मान वर करून बघायचा तिला धीर झाला नाही. आक्का सुनेला न्यायला आली की तिला वाचवायला, हेही कळेना. एवढंच कळलं, की ते ओरडणं पुन्हा ह्या घरात ऐकायचं म्हणजे आपण जिवंत राहत नाही. तिनं बिब्बा सुईसकट अंगणात भिरकावला.

"ऊठ. लुगडं बदल. नाशकाला जाऊ."

"मामांनी नाय म्हणलंय."

"मामांचं मी बघते. तू ऊठ आधी."

कातडीची डॉक्टरीण तरुण होती, बोलायला शांत. रूपालीनं रस्त्यात लोक बघतील म्हणून पुन्हा ती मोठी मरून रंगाची टिकली लावलेली. डॉक्टरणीनं ती काढायला सांगितली, डागावर कापूस फिरवून कळतंय का विचारलं, निळ्या उजेडाखाली नीट बघितलं. बाकी अंगावर कुठं काही नव्हतं. मग विचारलं, की टिकली पहिल्यापासून एवढीच लावता का. रूपाली म्हणाली, नाही, आधी बारीक लावायची. खाली पांढरा ठिपका दिसायला लागला तशी झाकायला जरा मोठी घेतली. तिच्याही बाहेर पांढरं आलं, तशी आणखी मोठी घेतली.

"म्हणजे डाग झाकायला तुम्ही टिकली वाढवली, आणि टिकलीनं डाग वाढवला," डॉक्टरीण म्हणाली. "टिकलीच्या पाठीमागच्या गोंदातलं रसायन काही जणींच्या कातडीचा रंगच मारून टाकतं. आता टिकली बंद. कपाळ मोकळं ठेवायचं, सध्या कुंकूसुद्धा नको. मलम देते, ते सांगेन तेवढंच लावायचं. मेडिकलमधून मनानं दुसरं काही आणायचं नाही, आणि बिब्बा तर अजिबात नाही. रंग परत यायला महिने जातील. कदाचित सगळा येणारही नाही."

"पण कोड नाय ना ते?" ठमाबाईनं विचारलं.

"मला तसं वाटत नाही. आणि मावशी, कोड असतं तरी काय झालं असतं? ते शिवून लागत नाही. एका ताटात जेवून नाही, कुशीत झोपून नाही."

ठमाबाई उठली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बसली. आमच्यात एका बाईच्या पायांवर आलेलं म्हणाली, दोन्ही. डॉक्टरणीनं विचारलं, नेमकं कुठं? ठमाबाईनं वाकून आपल्याच पायावर बोट फिरवून दाखवलं. अंगठ्याच्या बेचक्यातून वर, आणि तिथून दोन्ही बाजूंना खाली.

"रबरी चपला घालायच्या का त्या?"

ठमाबाईचं बोट पायावर तिथंच राहिलं.

घालायची. दुसऱ्या कुणी नाही, ठमाबाईनंच घातल्या होत्या त्या आक्काच्या पायात. ओहोळाच्या काठी साप-लांबडं निघायचं, काटेकुटे, आणि बिब्ब्यानं जळालेले ते पाय. नव्या नवरीला त्या बाईची फार कीव यायची. सासूला चोरून, नाशिकच्या बुधवारच्या बाजारातून, जुना जोड झिजला की ती नवा जोड आणायची आणि पदराखालून छपरात नेऊन ठेवायची. आक्का तो दिवसरात्र पायात ठेवायची, सासरी होती तेव्हापासून सवयच होती तिला. आख्ख्या घरात तिच्यासाठी कुणी काही केलं असेल तर ते एवढंच. आणि दर नव्या जोडाबरोबर पट्टे जास्तच पांढरे व्हायचे.

"बघितल्याशिवाय छातीठोक नाही सांगता येणार," डॉक्टरीण म्हणाली. "पण पट्ट्याखालीच असेल तर बहुतेक त्या रबरानंच. तसल्या चपला सोडल्या की पुष्कळदा थांबतं. कुठं असतात त्या? घेऊन या की त्यांना."

रूपालीनं सासूच्या दंडाला धरून तिला बाहेर आणलं.

घरी गोटीराम ओट्यावर वाट बघतच होता. सुनेचं मोकळं कपाळ दिसलं तसा तो ताडकन उठला. रवी जित्ता हाय अजून, म्हणाला, हे काय करून आणलंस. ठमाबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती आत गेली, नातीला उचलून आणलं आणि रूपालीच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं आईच्या गळ्याला मिठी घातली ती सोडीचना. मग ठमाबाई नवऱ्यासमोर बसली आणि डॉक्टरीण जे जे बोलली ते सगळं तिनं सांगितलं. टिकलीचं सांगितलं, तोवर तो मान हलवत होता. पुढचं तिनं जमिनीकडं बघून सांगितलं.

"आक्काला बी कोड नव्हतं म्हणं. चपलांनी झालं व्हतं ते."

गोटीराम आपल्या हातांकडं बघत बसला. ज्या हातांनी वळकटी नेऊन टाकली, त्या. मग हळूच म्हणाला, "हे मला सांगायला नको व्हतं तू."

रूपालीनं त्या सांजेला भाकरी थापल्या आणि त्यानं त्या मुकाट खाल्ल्या. पोर आईजवळ झोपली. वस्तीत मोकळ्या कपाळावरून व्हायची ती कुजबुज झालीच. भागीबाई तर तोंडावर विचारून गेली, पण आली, आणि परत रूपालीच्याच सरीत तोडायला लागली. शेवंतीचा हंगाम सरता सरता डागात तिळाएवढे तांबूस ठिपके दिसायला लागले. रूपाली आरशात बघून ते पुन्हा पुन्हा मोजते आणि सासूला हाक मारून दाखवते. ठमाबाई बघते, हसते, आणि तिचे डोळे भरून येतात.

गोटीराम आता भर दुपारीच ओहोळाकडं जातो. छपराचे वासे पडलेत, तिथं नुसता बसून येतो. आणि ठमाबाई, जिनं उभ्या जन्मात दुपारी त्या टोकाचं फूल तोडलं नाही, ती मुद्दाम तिकडचीच सरी धरते. वाकते, बुंध्यांमधून पलीकडं बघते. तिला सांगायचंय. आक्का, तुमाला काय झालं नव्हतं. आणि झालं असतं तरी तुमी घरातच राहायला पायजे व्हतं. ती कंबर मोडेस्तोवर वाकून राहते, सूर्य कलतो, वारा पडतो, आणि पलीकडच्या सरीत कुणीच येत नाही.