एकवर लावलेलं गाणं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं आवाजाचं बटण चाकासारखं आहे आणि त्यावर एकपासून दहापर्यंत आकडे आहेत. त्यातले एक आणि दहा हे दोन आकडे अंगठ्याने घासून घासून पुसट झालेत. मधले आठ अजून नव्यासारखे दिसतात. कारण ज्या घरात माझं आयुष्य गेलं, तिथे सुरुवातीचे थोडे दिवस सोडले तर मला मधल्या आवाजात कोणी लावलंच नाही.

माझा जन्म उल्हासनगरचा. खूबचंदशेठच्या दुकानाच्या माळ्यावर दोन कारागीर माझ्यासारखे टेप जोडत. माझी मोटर एका पेटीतून आली, स्पीकर दुसऱ्या पेटीतून, आणि पुढची चकचकीत पट्टी कुठल्याशा परदेशाचं नाव सांगते. मी तो देश पाहिलेला नाही. पण रेडिओही चाले आणि कॅसेटही, त्यामुळे दुकानात माझा रुबाब होता.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीत अंबरनाथ पश्चिमेहून विष्णुपंत आणि उमा मला घ्यायला आले. विष्णुपंत एका केमिकल कारखान्यात सुपरवायझर होते. नाट्यसंगीत म्हणजे त्यांचा जीव. त्यांचे वडील नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत, आणि 'आमच्या घरात कान तयार झालेले' हे वाक्य ते दुकानातसुद्धा दोनदा बोलले. खूबचंदशेठने मला दहावर नेलं. "साईं, आवाज देखो. पूरी गली सुनेगी." विष्णुपंत खूश झाले.

उमाने एवढंच विचारलं, "हळू लावला तर नीट ऐकू येतं का?"

शेठ हसला. "भाभी, धीमा सुनना है तो टेप क्यों लेते हो, हाथघडी ले जाओ."

विष्णुपंतही हसले. उमाने अंगठ्याने माझं बटण एकवर आणलं, माझ्या जाळीला कान लावला आणि मान हलवली. घ्या म्हणाली.

घरी मला हॉलमधल्या शोकेसवर जागा मिळाली. उमाने क्रोशाचं झाकण विणलं. विष्णुपंत दर पंधरा दिवसांनी कापसाच्या बोळ्याने माझं हेड पुसत. माझी निगा उत्तम होती, मित्रांनो. त्या बाबतीत माझी तक्रार नाही.

रविवारी सकाळी विष्णुपंतांची कॅसेट लागे. आवाज दहावर. मधू आणि नीलिमा, दोन्ही मुलांना सतरंजीवर मांडी घालून बसावं लागे. मध्ये पाणी प्यायला उठायचं नाही, पाय हलवायचा नाही. गाणं संपलं की राग कोणता ते सांगायचं. मधू दर वेळी भूप म्हणे. कधीतरी तो भूप असे, आणि त्या दिवशी त्याला जिलबी मिळे. नीलिमाला बहुतेक वेळा उत्तर येत असे, पण ती आधी आईकडे बघे. आई स्वयंपाकघरात भाजी चिरत असे. भाजी चिरताना सुरीचा आवाज होऊ नये म्हणून ती पाटाखाली फडकं घाली.

उमाची आवड निराळी. तिला दुपारी रेडिओवर लागणारी सिनेमातली गाणी लागत, हिंदी काय आणि मराठी काय. माहेरी गिरणीच्या दुकानात दिवसभर रेडिओ चाले, पीठ उडे आणि गाणी चालत, त्यात ती वाढली. विष्णुपंतांच्या मते असली गाणी म्हणजे कानाला लागलेली कीड. पोरांचा कान एकदा बिघडला की बिघडला, असं ते जेवताना सांगत. ओरडत नसत. मारहाण तर दूरच. फक्त जाता जाता माझ्यापाशी थांबत आणि गाणं मध्येच बंद करून पुढे जात, जसा माणूस जाता जाता फुकट जळणारा दिवा मालवतो.

सुरुवातीला ते कामावर गेले की उमा मला तीनवर, चारवर लावी. मग एकदा शेजारच्या इंदुबाई जिन्यात विष्णुपंतांना भेटल्या. बिचाऱ्या चांगल्या मनाने म्हणाल्या की वहिनींच्या गाण्यांनी आमची पण दुपार छान जाते. रात्री ताटावर विष्णुपंत म्हणाले, "दुपारी आपल्या घराचं थिएटर होतं म्हणे. तिकीट लावा." मुलं हसली. उमाही हसली. दुसऱ्या दिवसापासून मी एकवर गेलो. घरात कोणी नसलं तरी एकवर.

पुढे विष्णुपंतांना रात्रपाळी वारंवार लागू लागली. मग ते दुपारी आतल्या खोलीत झोपत, दार ओढलेलं असे, आणि घराने पायांच्या बोटांवर चालायचं असे. त्या दुपारी उमा माझ्याजवळ जमिनीवर बसे. एक कान जाळीला, डोळे आतल्या दाराकडे, अंगठा बटणावर. शाळेतून आलेली नीलिमा दप्तर टाकून दुसऱ्या बाजूने जाळीला कान लावी. मायलेकी अशा समोरासमोर, मधे मी. दोघींचा श्वास माझ्या जाळीवर यायचा. आत कडी वाजली, खाट करकरली, की उमाचा अंगठा फिरे आणि मी खट्कन बंद. पुढे पुढे आईच्या आधी नीलिमाचा अंगठा फिरू लागला. उमाला त्याचं कौतुक वाटे. "माझ्या नीलूला किती समजतं," असं ती म्हणे.

मी आनंदात होतो हे कबूल करतो. एकवर का होईना, दुपारी कोणीतरी मला इतक्या जवळून ऐकत होतं. दहावर मला कोणी कान लावला नव्हता.

नीलिमा सातवीत गेली तेव्हा शाळेच्या संगीताच्या बाईंनी स्नेहसंमेलनात एकटीने गायला तिचं नाव घातलं. बाईंची आणि उमाची गाठ बाजारात पडली. बाई म्हणाल्या, पोरगी सुरेल आहे हो, काळजात जातं तिचं गाणं. पण पहिल्या बाकावर ऐकू येत नाही. माईक दिला तर मागे सरकते. घरी टेप आहे ना, तिचं गाणं भरा आणि तिलाच ऐकवा. स्वतःचा आवाज कळला की भीड चेपेल.

उमा घरी आली ती वेगळीच उमा होती. माझी धूळ झटकताना स्वतःशीच गुणगुणत होती. पण तो सगळा आठवडा रात्रपाळीचा होता आणि संमेलन पुढच्याच आठवड्यात. शेवटी तिने युक्ती काढली. विष्णुपंतांच्या एका कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती, ती घातली. मला शोकेसवरून खाली घेतलं, आणि आम्हा तिघांच्या डोक्यावरून गोधडी ओढली. आत गुदमरायला होत होतं. गोधडीला नव्या साबणाचा वास येत होता. उमाने लाल बटण दाबलं आणि नीलिमा गायली.

मित्रांनो, खूबचंदशेठच्या माळ्यापासून मी हजारो गाणी गिळली असतील. तसं गाणं मी ऐकलं नव्हतं. विरहाचं सिनेमातलं गाणं, त्या वयात तिला अर्थ कळणं शक्यच नव्हतं. पण प्रत्येक जागा बरोबर, आणि आवाज असा की पाण्यात साखर विरघळावी. इतका हळू की तो फक्त मला आणि उमाला ऐकू आला.

रविवारी विष्णुपंतांकडे कारखान्यातले हिंदुराव आले. त्यांना काहीतरी खास ऐकवायचं म्हणून विष्णुपंतांनी ती कॅसेट काढली, आणि गप्पांच्या नादात उलटी घातली. सवयीने बटण दहावर नेलं.

माझ्यातून आधी गोधडीची खसखस आली, वादळासारखी. मग उमाची कुजबुज, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी.

"हळू गं. बाबा उठतील."

आणि मग नीलिमाचं गाणं.

हिंदुरावांचा कप बशीवर थांबला. कोण हो ही, म्हणाले, गोड आहे. गाणं संपेपर्यंत ते मान डोलावत होते. मग त्यांना पहिलं वाक्य आठवलं असावं. "विष्णुपंत, घरात एवढी दहशत? आमची बायको तर आम्हालाच उठवून गाते."

त्यांनी थट्टा केली. विष्णुपंतांना ती लागली. त्यांनी मला बंद केलं आणि नीलिमाला हाक मारली. ती आली.

"गा," ते म्हणाले. "हेच गा. मोठ्याने गा. मी काय खातो तुला?"

नीलिमा सतरंजीच्या काठावर उभी राहिली. तिने तोंड उघडलं. तिचा अंगठा फ्रॉकच्या शिवणीवर फिरत होता, जसा माझ्या बटणावर फिरे तसा. मी तिच्या ओठांकडे पाहत होतो. ओठ हलत होते, गाणं चालू होतं, पण बाहेर काहीच येत नव्हतं.

हिंदुराव म्हणाले, राहू द्या हो, पोर लाजली.

"लाजली नाही," विष्णुपंत म्हणाले. "यांची गाणीच तसली. चोरून ऐकायची, चोरून म्हणायची."

उमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नाला तेरा-चौदा वर्षं झाली असतील. त्या घरात तिने गाण्याबद्दल पाहुण्यांसमोर एक शब्द काढला नव्हता.

"मोठ्याने म्हणणार कुठून?" ती म्हणाली. "तिने आपलं गाणं मोठ्याने कधी ऐकलंय का?"

मधूने बोटं मोडली. विष्णुपंतांनी कॅसेट काढली, सुलटी केली, पुन्हा घातली, आणि मला दहावर नेलं. नीलिमा मांडी घालून बसली. गाणं संपल्यावर राग कोणता ते मात्र त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

संमेलनात ते गाणं दुसऱ्या मुलीने म्हटलं. नीलिमा मागे कोरसमध्ये उभी होती. घरी येऊन आईला म्हणाली, तिचा एक सूर चुकला, पण सगळ्यांना ऐकू आला.

आता मधूचं सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की बापाची आवड मुलाने घेतली. छे. त्याला नाट्यसंगीताचा उबग आला होता. कॉलेजात गेल्यावर त्याने नाचाच्या गाण्यांच्या कॅसेट आणल्या, ढणढण वाजणाऱ्या. विष्णुपंत संतापले. हे काय माकडचाळे, म्हणाले. पण एक गोष्ट मी शोकेसवरून नीट पाहिली. त्यांनी मधूच्या गाण्यांना शिव्या घातल्या, माझ्या बटणाला हात लावला नाही. मधू मला दहावर लावी आणि मध्ये कोणी बोललं तर "गाणं चालू आहे ना" म्हणून खेकसे. उमा पाटाखाली फडकं घाली. गाणी नवी होती. ऐकायची रीत बापाचीच होती.

मग मधूला नोकरी लागली, त्याने मोठे स्पीकर असलेली म्युझिक सिस्टीम आणली, आणि मी शोकेसवरून खाटेखाली गेलो. तिथे माझं झाकण उंदरांनी कुरतडलं. सत्त्याण्णव साली नीलिमाचं लग्न ठरलं. पाहुण्यांना विष्णुपंत सांगत होते, "आमच्या घरात संगीताचं वातावरण पहिल्यापासून. नीलूचा कान तयार आहे." ते अगदी मनापासून बोलत होते. गाता येतं का, असं मुलाच्या आत्याने विचारलं तेव्हा नीलिमा म्हणाली, नाही हो, फक्त ऐकते.

सासरी जाताना तिने मला खाटेखालून काढलं आणि पिशवीत घालून बदलापूरला आणलं. बेलवलीत तिचं दोन खोल्यांचं घर आहे. नवरा हरिचंद्र, पोस्टात आहे. मित्रांनो, हा माणूस इतका साधा आहे की त्याला गाण्यातलं काही कळत नाही आणि तो ते लपवतही नाही. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, अगं, मोठ्याने लाव की, मलाही ऐकू दे. ती हो म्हणाली. त्याची पाठ वळली आणि मी एकवर. तो संध्याकाळी जिना चढू लागला की मी बंद. तो दारात विचारी, आत्ता गाणं चालू होतं ना? ती म्हणे, नाही, संपलं. तिला कोणी अडवत नव्हतं. तिला अडवायला आता कोणाची गरजच उरली नव्हती.

दोन वर्षांनी सई झाली. ती रांगत माझ्यापाशी येई, मग धरून उभी राहू लागली. तिने मला पहिल्यांदा ऐकलं ते जाळीला कान लावून. आई तसंच ऐकते, म्हणजे गाणं तसंच ऐकायचं असतं, असं तिला वाटलं असणार.

एका दुपारी उमा लेकीकडे आली होती. नीलिमा तिला चहा देत होती, मी नेहमीसारखा एकवर, आणि सई माझ्या जाळीला गाल लावून बसलेली. खाली जिन्यात कोणाची तरी पावलं वाजली. सईचा एवढासा अंगठा वर आला आणि तिने बटण फिरवलं. खट्. मग तिने दोघींकडे पाहिलं आणि शाबासकीची वाट बघत हसली.

उमाने कप खाली ठेवला. नीलिमा उठली. तिने मला चालू केलं आणि बटण फिरवत नेलं, दोन, तीन, पाच, सात, जिथे त्या घरात मी कधी गेलो नव्हतो तिथपर्यंत. माझा स्पीकर जुना, कागद विरलेला. मी फुटक्या आवाजात ओरडलो. सईने दोन्ही हात कानांवर दाबले आणि रडायला लागली, घाबरून, श्वास अडकेपर्यंत. नीलिमाने तिला उचललं. रडणं थांबेना. शेवटी उमानेच पुढे होऊन मला एकवर आणलं. सई हळूहळू शांत झाली. दोघी मायलेकी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या.

आता मी माळ्यावर असतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, धूळ पुसा, अडगळीत टाकू नका. माझी धूळ राहू द्या. मला फार जपलं होतं त्या घरात, दर पंधरा दिवसांनी, कापसाच्या बोळ्याने. तुम्ही एवढंच करा. आज घरी गेलात की कान देऊन बघा, तुमच्या घरात कोणाचं गाणं हळू लागतं. आणि ते चालू असताना तुम्ही खोलीत आलात, तर ते कोण बंद करतं, तेही बघा.