चोरखिसा

“भात कुठंय?” मी विचारलं.

ताटात बोई माशाचं कालवण होतं, तळलेल्या तुकड्या होत्या, मेथीची भाजी आणि चिरलेली काकडी होती. मध्ये जिथं भाताचा ढीग असतो तिथं ताटाचा तळ दिसत होता.

“भात नाय,” नुरजहाँ म्हणाली.

“शिजला नाय अजून?”

“शिजवलाच नाय.”

“मग कालवण कशात कालवू?”

“वाटीला तोंड लावा नि प्या. चहा पिताव तसा.”

मला वाटलं थट्टा करते. मी चुलीकडे बघितलं. भाताचा टोप घासून पालथा घातलेला होता. आमच्या तुडीलमध्ये जेवण म्हणजे भात. बाकी कितीही खाल्लं तरी भात नसेल तर माणूस जेवला असं कुणी म्हणत नाही.

आदल्या दिवशी आम्ही महाडला डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेनं फोड आला होता आणि तो काही केल्या भरत नव्हता. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, “टोचतंय का?” मी म्हटलं, “टोचा की.” नुरजहाँ बाजूला उभी होती. ती म्हणाली, “अवो, ते कवाचे टोचतायत.”

साखर खूप वाढली होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. भात, भाकरी, पाव, बटाटा सगळं आवरा. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाऊल. मी टेम्पो चालवतो. महाडला माल भरायचा आणि पोलादपूरला, वरच्या गावांना टाकायचा. ब्रेक त्याच पायाखाली असतो.

“मधल्या वेळेला भूक लागली तर ह्यांनी काय खायचं?” नुरजहाँनं विचारलं.

“शेंगदाणे खायचे. भाजलेले, गूळ नको. बदाम, अक्रोड मिळाले तर ते. पण मूठभरच.”

“कुणाची मूठ?”

डॉक्टर हसले. “तुमची,” म्हणाले.

तिची मूठ लहान होती. त्या दिवसापासून माझ्या मधल्या वेळचं खाणं तिच्या मुठीत मावेल तेवढंच राहिलं.

ती स्वतः भात खायची, पण माझ्यासमोर नाही. एकदा मी लवकर परत आलो तर मागच्या दारी पाठमोरी बसून जेवत होती. मला बघून तिनं ताट ओढणीखाली घेतलं, चोरी केल्यासारखं.

“खा गो,” मी म्हटलं. “मी नाय बघत.” आणि तिचं होईपर्यंत अंगणात तोंड फिरवून उभा राहिलो. वास मात्र येत होता. नव्या तांदळाचा होता.

सुरुवातीला दाण्यांनी माझं काही भागायचं नाही. पोलादपूरच्या स्टँडवर माल उतरवला की समोर भजी तळत असायची. खिशात दाण्यांची पुडी असायची, पण त्याच खिशात बिडी, काडेपेटी आणि टेम्पोची किल्ली. पुडी फाटायची. दाण्यांना बिडीचा वास लागायचा आणि मी भज्यांकडे वळायचो. एक दिवस शर्ट धुताना तिला खिशात तंबाखूत माखलेले दाणे सापडले.

“दाणे खाताव का बिड्या चावताव?”

त्याच दुपारी तिनं माझ्या जुन्या लेंग्याचा खिसा उसवला आणि शर्टाला आतून शिवला. डाव्या बाजूला, छातीवर. मग दुसऱ्या शर्टाला, मग तिसऱ्याला.

“हा चोरखिसा,” ती म्हणाली. “बाहेरचा खिसा तुमचा, आतला माझा. ह्यात बिडी गेली तर हात मोडून ठेवीन.”

टेम्पो चालवताना मी दोन बटनांच्या मधून बोटं घालायचो आणि एकेक दाणा काढून तोंडात टाकायचो. महिपती म्हणून एक जीपवाला होता, तो स्टँडवर मला चिडवायचा. “जहांगीरभाई, छातीत कळ येते काय? सारका हात छातीवर!”

“कळ नाय रे,” मी म्हणायचो. “बायको हाय.”

दाणे आणायला ती स्वतः यायची. बाजाराच्या दिवशी टेम्पोत माझ्या शेजारी बसून पोलादपूरला. स्टँडच्या कडेला चंद्राबाई पोतं पसरून बसायची. ती उमरठच्या वरच्या वाडीतली. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, आणि एरवी घाटावरून आलेले शेंगदाणे. तिचं पोतं कधीमधी मीच टेम्पोतून आणून द्यायचो. नुरजहाँ तिच्यासमोर बसून एकेक दाणा बघून घ्यायची. सुरकुतलेला नको, फुटका नको, खवट तर नकोच.

“भाबी, दाणे निवडतेस का लेकीला नवरा बघतेस गो?” चंद्राबाई म्हणायची.

“नवरा बघताना नाय बघितला नीट,” नुरजहाँ माझ्याकडे हात करायची. “म्हणून दाणे तरी बघून घेते.”

दोघी हसायच्या. मी टेम्पोच्या टायरला लाथ मारून हवा बघत असल्याचं दाखवायचो.

आमचा मुलगा सोहेल दम्मामला असतो. तो सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी म्हणून बदाम आणि अक्रोडची मोठी पिशवी घेऊन आला. आमच्याकडे गल्फवरून माणूस आला की त्याची बॅग सगळ्यांसमोर उघडतात आणि मोहल्ल्यात घरोघरी थोडं थोडं जातं. साबण, अत्तर, खजूर, बदाम. न पाठवून चालत नाही. नुरजहाँनं तबकं भरली आणि पाठवायला लागली.

“अम्मी, ते अब्बांच्या औषधाचं हाय!” सोहेल ओरडला.

“तुझी पिशवी सगळ्यांनी बघितली बाबा. आता मी काय सांगू? ह्यांच्या औषधाचं हाय, तुमी खाऊ नका?” ती म्हणाली. “तुझ्या बापाला दाणेच बरे.”

अख्ख्या मोहल्ल्यानं माझं औषध खाल्लं. पण तिनं थोडे बदाम मागे ठेवले होते, ते मला रमजानमध्ये कळलं. डॉक्टरांनी मला रोजे धरायला मनाई केली होती. घरात ती एकटी रोजा धरायची आणि संध्याकाळी मला समोर बसवायची. अजान झाली की ती खजूर तोंडात घालायची आणि माझ्या हातावर एक बदाम ठेवायची.

“मी कुठं रोजेदार?” मी म्हणायचो. “सकाळी अंडी खाल्ली मी.”

“असू दे. मी खाताना तुमचं तोंड रिकामं नको.”

अंगठा भरून आला होता. डॉक्टर म्हणाले, चांगलं जमवलंत. मी म्हटलं, मी काही नाही जमवलं.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता ती गेली.

सकाळी अंगणात सूप घेऊन बसली होती. दाणे भाजून चोळून झाले होते, सालं पाखडायची राहिली होती. ती पाखडायला लागली की लाल सालं अंगणभर उडायची आणि कोंबड्या फसून धावत यायच्या. त्या दिवशी सूप बाजूला ठेवून म्हणाली, “पाठीत दुखतंय.” मी विचारलं, तेल लावू का. नको म्हणाली. तिला घाम आला होता. मी टेम्पो काढला. माझ्या शेजारी बसली, नेहमीसारखी. महाडला दवाखान्याच्या दारात मी उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं, तेव्हा ती उतरली नाही.

तिला साखर होती का, दाब होता का, डॉक्टरांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. दवाखान्यात ती नेहमी माझ्यासाठीच यायची.

मयतीच्या घरात तीन दिवस चूल पेटवत नाहीत. शेजारचे जेवण आणतात. सगळ्यांनी आणलं आणि सगळ्यांनी भात आणला. दुसरं काय आणणार? डाळभात, मटणाचा रस्सा आणि भात, पुलाव. समोर बसून म्हणायचे, जहांगीरभाई, दोन घास तरी घ्या. मी घेतले. इतक्या दिवसांनी भात तोंडात गेला आणि तो गोड लागला. तो गोड लागला याचं मला फार वाईट वाटलं. तरी मी ताट पुसून खाल्लं.

सोहेल मातीला पोहोचू शकला नाही. नंतर आला, थोडे दिवस राहिला. आईचे कपडे गरिबांना द्यायचे असतात, ते त्यानं गठडीत बांधले. माझे जुने शर्ट विरले होते, तेही त्यात घातले आणि महाडहून मला नवे तयार शर्ट आणले. “अब्बा, आता नीट राहायचं,” म्हणाला. गठडीत काय काय गेलं ते मी बघितलं नाही. तेव्हा मी कशाकडेच बघत नव्हतो.

तो गेल्यावर मी घरी एकटा. मला स्वयंपाकातलं एकच येत होतं, भात. तो टोप सुलटा केला आणि शिजवायला लागलो. सकाळचा उरला तर रात्री. पोलादपूरला भजी. कुणी खिसे तपासत नव्हतं. गोळी कधी घेतली, कधी राहिली. कशासाठी आवरायचं तेच मला कळत नव्हतं.

एक दिवस पोलादपूरला टेम्पो लावून खाली उतरलो तर ब्रेकवर रक्त दिसलं. चप्पल काढली. अंगठ्याची जुनी जागा फुटली होती आणि कडेनं काळी पडली होती. दुखत काहीच नव्हतं. मी फडकं गुंडाळलं आणि भजीवाल्याकडे निघालो.

“भाई! ओ भाई!”

चंद्राबाई होती. मी इतके दिवस टेम्पो स्टँडच्या पलीकडे लावत होतो, ती दिसू नये म्हणून.

“भाबी रुसली काय माज्यावर? मागच्या खेपेला खवट निघालं काय दाणं?”

“नाय गो.”

“मग येत का नाय? तिला सांग, आता घाटावरचं नवीन आलंय. मोत्यासारका हाय एकेक.”

“चंद्राबाई, ती गेली.”

“कुठं? सोहेलकडं?”

“नाय. गेली.”

तिला समजायला जरा वेळ लागला. मग तिचा हात पोत्यावरच्या दाण्यांवरून नुसता फिरत राहिला. एक गिऱ्हाईक भाव विचारून गेलं, तिनं वर बघितलं नाही.

“कवा?” तिनं विचारलं.

“पाऊस सरताना.”

“नि मला आता सांगतोस?”

तिनं पाठीमागं हात घातला आणि कापडी पिशवी काढली. तोंड दोरीनं बांधलेलं होतं.

“हे तिचं. दर बाजाराला निवडून ठेवतेय, आज येईल उद्या येईल. आता दुसऱ्याला इकायला माजा हात होयाचा नाय. घे.”

“मी काय करू?”

“खा! अजून काय करशील?” मग तिचं लक्ष फडक्याकडे गेलं. “पायाला काय झाला?”

“काय नाय.”

“भात खातोस ना?”

मी पाय मागे घेतला.

“पाय गेला तर माजा पोता वरून कोण आणल? तू का तुजा तो दम्मामवाला?” ती एकदम चढ्या आवाजात बोलायला लागली. “भाबी एवढी पाय मोडून माज्याफुडं बसायची ती काय मज्जा म्हणून? खवट दाणा गेला असता तुज्या पोटात तर माजा गळा धरला असता तिनं. नि तू भजी खा. जा, खा!”

स्टँडवरचे लोक बघायला लागले. ती गप्प व्हावी म्हणून मी पिशवी सोडली, दाणे घेतले आणि सवयीनं शर्टाच्या आत डावीकडे सोडले. खिसा नव्हता. दाणे बनियनवरून घरंगळत पोटापर्यंत गेले, काही पट्ट्यापाशी अडकले, काही पायाजवळ पडले. मी आत हात घालून चाचपत उभा राहिलो.

चंद्राबाईला हसू फुटलं. मोठ्यानं हसली. मग पदर तोंडाला लावला आणि तशीच बसून राहिली.

मी तिथून परत येताना महाडला डॉक्टरांकडे गेलो. ते चिडले, साफ केलं, इंजेक्शन दिलं, म्हणाले, थोडक्यात निभावलंय, पण आता चुकलात तर मी जबाबदार नाही. घरी आल्यावर टोपातला भात कोंबड्यांना टाकला आणि टोप घासून पालथा घातला. अंडी उकडली. दाणे भाजले. पहिला घाणा करपला. दुसरा बरा झाला. सूप मला धरता येत नाही, म्हणून हातावर चोळून तोंडानं फुंकले. सालं माझ्याच डोळ्यांत गेली. कोंबड्या फसून धावत आल्या.

मग तिची सुईदोऱ्याची डबी काढली. एक जुना लेंगा गठडीत जायचा राहिला होता, त्याचा खिसा उसवला. शर्ट उलटा करून मांडीवर घेतला आणि शिवायला बसलो. सुईत दोरा जाईना, चष्मा पुसला तरी जाईना. शेवटी गेला. टाके लांब लांब पडले. कडेला एक जागा उघडी राहिली, ती पुन्हा शिवली.

सकाळी शर्ट घातला तेव्हा समजलं. उलटा धरून शिवल्यामुळे खिसा उजव्या बाजूला गेला होता.

मी तो उसवला नाही. दाणे त्यात राहतात, पडत नाहीत. मूठ मात्र माझी मोठी आहे, म्हणून अर्धीच भरतो. पायाला पट्टी आहे, पण अंगठा आहे. बाजाराच्या दिवशी चंद्राबाईचं पोतं मी वरून आणून देतो आणि तिच्यासमोर बसून दाणे निवडतो. ती म्हणते, तुला काय कळतंय त्यातलं.

टेम्पो चालवताना भूक लागली की हात अजून आधी डावीकडे जातो. दोन बटनांच्या मधून आत. तिथं नुसतं बनियन लागतं. मग मी हात उजवीकडे नेतो.