सासूच्या हातातली घंटा

मी घंटा बोलतेय. पितळेची, लाकडी मुठीची, हातात धरून वाजवायची. या अख्ख्या गावात मंत्र्याला गप्प बसवलेलं कोणी असेल, तर ती मी. म्हणजे मंत्री आला होता एकदाच, आणि मी वाजले तेव्हा त्याला ठसका लागला होता, तो आधीच गप्प होता. पण आवाज माझाच होता, एवढं तरी मान्य करा.

माझं शिक्षण निम्मं झालंय. लोन स्प्रूस गावच्या एका खोलीच्या शाळेत माझा जन्म गेला. धडा सुरू झाला की मी वाजायची, संपला की मी वाजायची, मधला सगळा वेळ व्हरांड्यातल्या खुंटीवर, दाराबाहेर. त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीची सुरुवात येते आणि ‘उरलेलं उद्या’ येतं. मधलं काही येत नाही. पुढे राजकारणात पडले तेव्हा कळलं, तिथं एवढंच लागतं.

शाळा बंद पडली. फळा कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झाला आणि मी युक्रेनियन चर्चच्या सभागृहात आले. एरवी स्वयंपाकघरातल्या खणात, लाटण्यांच्या शेजारी. निवडणूक आली की बाहेर. सगळे उमेदवार एका टेबलाशी बसतात, गाव समोर बसून पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या खातं, प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं, आणि ती संपली की मी. मला वाजवायचा मान स्टेफका हॉरोडेस्की या म्हातारीचा. तो तिला कोणी दिलेला नाही, पण काढून घ्यायची छाती कोणाची? पेरोगी तिच्या हातची असते.

आमच्याकडे निवडणूक एकाच गोष्टीवर लढतात. पूल. गाव नदीच्या या काठाला, दवाखाना त्या काठाला. उन्हाळ्यात बोट चालते, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात. पण बर्फ धरताना आणि बर्फ सुटताना ना बोट, ना रस्ता. त्या दिवसांत आजारी पडायचं नाही, असा गावचा रिवाज आहे. निवडणुकीच्या तोंडावर मोजणीवाले येतात, काठावर खुंट्या ठोकतात, नारिंगी फिती बांधतात आणि जातात. मग बायका त्या खुंट्या उपटून आणतात. गावातले सगळे टोमॅटो पुलाच्या आधारानं उभे आहेत.

लॉयड थॉर्सन सरकारी पक्षाचा, गॉर्डी मॅकनब विरोधी पक्षाचा. थॉर्सन म्हणतो, पूल पुढच्या वर्षी. मॅकनब म्हणतो, आम्ही असतो तर मागच्याच वर्षी झाला असता. सरकार बदललं की दोघं आपापली वाक्यं बदलून घेतात. नवीन पाठ करायला नको.

यंदा तिसरी उभी राहिली. डार्लीन, स्टेफकाची सख्खी सून. तिचा प्रेअरी पक्ष एवढा मोठा, की प्रांतभरातले सभासद बर्फावर दगड सरकवायच्या एका कर्लिंगच्या मैदानावर मावतील आणि खेळायलाही जागा उरेल. कचेरी तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर. ती दारोदार फिरली. आमची माणसं फार सभ्य, तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘विचार करू हं,’ म्हणतात आणि हातात रुबार्बच्या जॅमची बरणी देतात. बरण्यांनी भरलेलं कपाट बघून स्टेफका म्हणाली, “मतांचं माहीत नाही, पण दोन हिवाळ्यांचा जॅम झाला.”

डार्लीनला हवं होतं ते या म्हातारीचं मत. स्टेफका जन्मभर थॉर्सनच्या पक्षाला मत देत आलेली. आणि पेरोगी वळणाऱ्या सगळ्या बायका स्टेफकाच्या मागून जातात. तिनं दोनदा मीठ टाकलं तरी त्यांना ते बेताचंच लागतं. ती वळली तर सगळं स्वयंपाकघर वळणार, नाहीतर डार्लीनला जॅमच खात बसायचं होतं.

तर झाली सभा. थॉर्सन पुलाच्या पहिल्या खांबापर्यंत आला आणि मी वाजले. मॅकनब दुसऱ्या खांबापर्यंत पोचला आणि मी वाजले. मग डार्लीन उठली. पहिली दोन मिनिटं तिनं सगळ्यांचे आभार मानण्यात आणि बाहेरच्या थंडीबद्दल माफी मागण्यात घालवली, जशी काही थंडी तिनंच आणली होती. खरं बोलायला तोंड उघडलं आणि स्टेफकानं मला उचललं.

तेवढ्यात माझ्या पोटातली जीभ निसटली. ती थेट मॅकनबसमोरच्या आंबट सायीच्या वाडग्यात जाऊन पडली. मी हे मुद्दाम केलं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तार गंजली होती.

स्टेफकानं मला पुन्हा हलवलं. आवाज नाही. आणि घंटा वाजेपर्यंत वेळ संपत नाही, हा नियम तिचाच.

डार्लीन बोलतच राहिली.

मॅकनब टाय पुसत म्हणाला, “तिसऱ्याला मत म्हणजे वाया गेलेलं मत.”

“गॉर्डी, आजपर्यंत आम्ही एकही मत वाया घालवलं नाही,” डार्लीन म्हणाली. “पूल कुठंय? आणि साय कॉलरवर पण आहे.”

मग ती गावाकडे वळली. “गहू विकत घेणारी दोन मोठी कोठारं होती तेव्हा काय भाव मिळायचा, आठवा. दोघांचा भाव एकच. त्यांना ठाऊक होतं, ही माणसं जाणार कुठे. मग नदीपलीकडे तिसरं निघालं.”

“त्याचं छप्पर गळायचं,” स्टेफका बसल्या जागेवरून म्हणाली.

“गळायचं, आई. आमच्या पक्षाचंही गळतं. पण ते उघडलं त्याच आठवड्यात दोघांनी भाव वाढवला. सगळा गहू कोणी नेला नव्हता तिकडे. एकेक ट्रक नेला होता. मी एक ट्रकच मागतेय.” ती स्टेफकाकडे वळली. “तारास कुठे जन्मला, आई?”

स्टेफकानं मला टेबलावर ठेवलं. सभागृहाला माहीतच होतं. नदीत बर्फाचे तुकडे आदळत होते, बोट बंद होती, आणि बोटवाल्याच्या खोपटात, ओटच्या पोत्यांवर, बाह्या सरसावून नातवाला बाहेर काढलं ते स्टेफकानंच.

“या दोघांनी अभिनंदनाची कार्डं पाठवली,” डार्लीन म्हणाली. “दोन्हींवर एकच बदक होतं.”

थॉर्सननं मॅकनबकडे पाहिलं, मॅकनबनं वाडग्याकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातात काटेचमचे होते, म्हणून बेताच्याच.

आता सभा उठली आहे. मी मोरीजवळ उपडी पडलेय, जीभ साबणाच्या पाण्यात भिजतेय. तुमच्यापैकी कोणी ती जोडायला आलंच, तर एक विनंती आहे. तार जरा सैल बांधा. आभार आणि माफी आटोपेपर्यंत बिचाऱ्या साध्या माणसाची तीन मिनिटं संपतात.

माझ्या शेजारी स्टेफका ताटं धुतेय, डार्लीन पुसतेय.

“मग आई, सोमवारी मत कोणाला?”

“विचार करू हं.”

“मी काय दारावर आलेय? घरातली आहे मी.”

स्टेफकानं तिच्या हातात ओलं ताट दिलं.

“थॉर्सन पहिल्यांदा उभा राहिला ना, तेव्हा इथंच उभं राहून ताटं पुसत होता. मॅकनबपण. आणि तुझ्यापेक्षा चांगली पुसायचे. दोघं एकेकदा निवडून आले. त्यानंतर परत हे फडकं धरायला कोण आलं, ते सांग मला.”