केंद्र कुठून गेलं

वायुभाराच्या आलेखावरची जांभळी रेघ दुपारी दोन चाळीसला तळाला टेकली होती आणि तिथूनच पुन्हा वर चढली होती. त्या घटकेला वारा पूर्वेचा. म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, की वादळाचं केंद्र डाव्या हाताला, दक्षिणेला. दाक्षायणीने हे तीन आठवड्यांत वीसदा तरी पडताळलं होतं.

नोव्हेंबर चौऱ्याहत्तरमधलं ते वादळ पूर्व किनाऱ्यावरून आत शिरलं आणि विरत विरत सोलापूरजवळून गेलं. सोमलिंग सरांनी जुन्या वादळांवरून बसवलेल्या सूत्राने ते सोलापूरच्या उत्तरेला, बार्शीवरून जाईल असं आदल्या दिवशी सांगितलं होतं. नंतर प्रत्यक्ष मार्गही सरांनीच नकाशावर काढला, आणि पेन्सिल बार्शीकडेच वळली. चूक फक्त पंधरा किलोमीटर! अहवालावर आता 'तपासले' म्हणून दाक्षायणीची सही तेवढी राहिली होती. ती झाली, की पुढच्या हंगामापासून किनाऱ्यावरचे इशारे याच सूत्राने निघणार होते.

सोलापुरातल्या कॉलेजच्या गच्चीवरच्या खोलीत ती खिडकीपासून टेबलापर्यंत फेऱ्या मारत होती.

"बाई, किती येरझाऱ्या घालालाव? फरशी झिजंल की," चहा ठेवता ठेवता शिपाई मल्लप्पा म्हणाला.

तो गेला आणि सर आत आले. "झाली सही? दुपारचं टपाल गाठायचंय."

"सर, आपली वाऱ्याची नोंद..."

"वातकुक्कुट अडकला असेल गं. गंजलाय तो."

"आदल्याच दिवशी मी त्याला तेल घातलं होतं."

"मग एका कोंबड्यापायी अठ्ठावीस वादळांचं गणित मोडू?" सर हसले. "पाच वर्षं घातलीत मी. आणि तुझी पीएच.डी. तरी कशावर उभी राहणार आहे?"

तिच्या हिशेबाने केंद्र अक्कलकोटच्या खालून गेलं होतं. चूक सव्वाशे किलोमीटर. 'वादळ काल जिकडे चाललं होतं तिकडेच आजही जाईल' एवढं डोळे मिटून म्हटलं असतं, तरी साठच चुकले असते. हे सांगायला ती दोनदा सरांच्या खोलीपर्यंत जाऊन परतली होती. किनाऱ्यावर सव्वाशे किलोमीटर म्हणजे इशारा एका गावाला आणि वादळ दुसऱ्याच.

सरांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. "घे."

तिने हात मागे बांधले.

"सर, मी सही करणार नाही. सूत्र चुकलंय. केंद्र अक्कलकोटच्या दक्षिणेने गेलं, आणि मी तसंच लिहून पाठवणार आहे."