कडूबाच्या बाहीवरचा बिल्ला

माझी जीभ तिखट, असं अख्खं गाव म्हणतं. पण त्या दिवशी धाड गावच्या शाळेसमोर ती कामी आली नाही.

पासष्टची लढाई थांबून महिना होत आला होता. आमचे हे पायदळात. 'बेपत्ता' एवढीच तार आली होती. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, हे मी शेजारणींना दहा वेळा ठणकावून सांगितलं होतं. ठसठशीत कुंकू लावून, यांच्या वाटणीच्या करंज्या तळून मी वाट पाहत होते. दिवाळीच्या तोंडावर आला तो मात्र धाकटा दीर, कडूबा. तो विमानदळात मेकॅनिक. तीन दिवस धड जेवला नाही, माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही. मी म्हटलं, दमला असेल.

गावकऱ्यांनी धाडच्या शाळेसमोर त्याचा सत्कार ठरवला. वर्दीला इस्त्री करावी म्हणून मी त्याची ट्रंक उघडली, तर तळाशी रुमालात बांधलेला एक कापडी बिल्ला. दोरे लोंबत होते, वर तपकिरी डाग. बाहीवरून उसवला असणार आणि ट्रंकेचा गंज लागला असणार. बाप्ये असेच वेंधळे! रिठ्याच्या पाण्यात घासघासून मी डाग काढला आणि बिल्ला वर्दीच्या बाहीला शिवून टाकला. एस.टी. चुकेल म्हणून कडूबाने घाईघाईत वर्दी अंगात घातली. बाहीकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

हार घालायला सुभेदार हिंमतराव होते, पेन्शनीत निघालेले. हार त्यांच्या हातातच राहिला.

"हे काय लावलं बे? तू विमानदळाचा, अन् हा पायदळातल्या पलटणीचा बिल्ला! दुसऱ्याच्या पलटणीची खूण लावनं गुन्हा हाय, मालूम नाही तुले? हुद्द्याची पट्टी जाईन तुही! कोनाचा उचलला?"

कडूबाने मान वळवून बाही पाहिली आणि पांढराफटक पडला.

मला राहवलं नाही. "उचलला काऊन म्हनता? त्याच्याच ट्रंकेत होता. म्या शिवला सकाळी."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कडूबा, कोनाचा हाय हा?"

"दादाचा."



"लढाई थांबल्यावर सापडला दादा," कडूबा म्हणाला. "पलटणीनं मले ओळख पटवाले बलावलं. सरकारी तार यायच्या आधी घरी पोचावं म्हनून रजा काढून आलो, वहिनी. पन तुम्ही दारातच मले ववाळलं अन् इचारलं, 'तुमचे दादा कधी येतील?' माह्या तोंडातून शब्दच निंघेना."

मला ऐकू येत होतं, पण ते माझ्याबद्दल आहे हे कळत नव्हतं. मग कळलं. गंज म्हणून घासलेलं ते यांचं रक्त होतं. मीच ते धुऊन मोरीत ओतलं होतं.

सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली. कडूबा बिल्ला ओढायला लागला.

"हात लावू नका," मी म्हटलं. "म्या शिवला, मीच काढीन."

सगळ्यांच्या देखत मी त्याच्या बाहीला तोंड लावलं आणि दातांनी दोरा तोडायला लागले. उसवू नये म्हणून चांगले दुहेरी टाके घातले होते मी. एकही तुटेना.